नर्सबायचे हात

नर्सबाय गेल्या तेव्हा देवबागच्या चर्चच्या आवारात जमलेल्या माणसांत ख्रिस्ती जितके होते, तितकेच हिंदू होते. रापणीचं जाळं ओढणारे लोक ओल्या कपड्यांनिशी आले होते. नंतरच्या शोकसभेत जो उठला तो त्यांच्या प्रेमळपणाबद्दल बोलला, त्यागाबद्दल बोलला, त्या साऱ्या गावाची आई कशी होत्या ते सांगितलं. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पण मी त्यांच्या हाताखाली आरोग्यसेविकेचं काम शिकले, आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. ही बाई तिच्या कामात किती तरबेज होती हे कोणीच बोललं नाही. तिच्या हातून जी बाळं जगली, ज्या बाया उठून घरी गेल्या, त्या नुसत्या मायेने वाचल्या नाहीत. माया त्या घरांतही भरपूर होती. म्हणून त्यांचं काम कसं होतं, ते मी पाहिलं तसं लिहिते आहे.

आज देवबाग म्हटलं की डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या, स्कूबा आणि त्सुनामी आयलंड आठवतं. मी नव्वदच्या सुमारास नेमणुकीवर आले तेव्हा यातलं काही नव्हतं. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे वाळूची लांबट पट्टी. तिच्यावर माड, मांगर, घरं आणि वाळत घातलेली जाळी. मालवणला जायचं तर तारकर्लीवरून जाणारा एकच रस्ता. पावसाळ्यात उधाण आलं की लाटा घरांच्या परसात यायच्या आणि रात्रीच्या वेळी तो रस्ता पार करता येईल की नाही याचा भरवसा नसायचा. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आली २०१४ साली. त्याआधी ज्याची गाडी दारात उभी असेल तीच रुग्णवाहिका, आणि देवबागात बहुतेक वेळा ती मासळीचा टेम्पो असायची.

नर्सबाय याच गावच्या. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकून, सरकारी नोकरीत शिरून, फिरत फिरत आपल्याच मुलखात आलेल्या. कर्ली ओलांडली की भोगवे, कोरजाई, तिथून पुढे वेंगुर्ले. वेंगुर्ल्यालाही अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल होतं. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचे भारतातले राजदूत झालेले रॉबर्ट गोहीन १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मले. त्यांचे वडील मिशनचे डॉक्टर. मिरजेचं हॉस्पिटल डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली उभं केलं. आपल्याकडे नर्स म्हटलं की ख्रिस्तीच असणार असं लोक धरून चालत, त्याचं मूळ या जुन्या दवाखान्यांत आहे. परक्याच्या अंगाला हात लावणं, रक्त-मलमूत्र काढणं हे घरंदाज मुलींचं काम नव्हे, असं मानणाऱ्या समाजात आपल्या लेकी या कामाला पाठवायला फार थोडी घरं तयार होती. ज्या मुली गेल्या त्यांत ख्रिस्ती घरांतल्या जास्त, काही विधवा, काही दुष्काळात पोरक्या झालेल्या. ज्या कामाला गावाने नाकं मुरडली, त्याच कामाच्या जोरावर गाव पुढे शंभर वर्षं बाळंत झालं. नर्सबायच्या आजेसासूने म्हणे त्यांना सून करून घ्यायच्या आधी विचारलं होतं, "चेडू मडक्यात हात घालता ना, की बाळंतिणीच्या घाणीतच?" हे सांगताना नर्सबाय मनापासून हसायच्या. मला मात्र हसू यायचं नाही.

मी उपकेंद्रात आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला हात धुवायला लावले. कोपरापर्यंत, साबणाने, नखांच्या कडांनी. मग म्हणाल्या, "आता परत धू." व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ साली बाळंतिणीला तपासायच्या आधी डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराने मरणाऱ्या बाया एकदम कमी झाल्या. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. नर्सबायनी सेमेलवाइसचं नाव कधी घेतलं नाही. पण गावातल्या सुईणींना बसवून त्या पाच गोष्टी पाठ करून घ्यायच्या: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं नवं, दोरा उकळलेला, नाळेला काही लावायचं नाही. राख नाही, हळद नाही, तेल नाही. सुईणींशी त्या कधी भांडल्या नाहीत. कुठल्याही घरी गेल्या तरी आधी सुईणीला विचारायच्या, "तुका काय वाटता?" आणि उत्तर नीट ऐकून घ्यायच्या. एका म्हातारीला दिसत कमी होतं, पण पोटावर हात ठेवून बाळ आडवं आहे हे ती अचूक सांगायची. नर्सबाय मला म्हणाल्या, तिच्याकडून शिकून घे, हे तुला ट्रेनिंगमध्ये मिळणार नाही.

समुद्रावरच्या गावाला स्वतःचे आजार असतात. रापण ओढताना पाकट माशाचा काटा पायात घुसतो, शिंगाळ्याचा काटा हातात मोडतो. दांडगा गडी गुरासारखा ओरडत यायचा. नर्सबाय आधी पाणी तापवायच्या. सोसेल तितक्या कढत पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, गार झालं की पुन्हा कढत घालायचं, अर्धा तास, वेळ पडली तर जास्त. पाणी आधी स्वतःच्या कोपराने बघायच्या, कारण दुखण्याने बधिर झालेल्या माणसाला आपण भाजतोय हे कळत नाही. काट्याच्या विषाची कळ उष्णतेने उतरते. मग जखम धुवायची, काट्याचा तुकडा आत राहिला का बघायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं आणि खोल असेल तर मालवणला धाडायचं. माझ्या पुस्तकात पाकट हा शब्दसुद्धा नव्हता.

पण त्यांचं खरं कसब मी पाहिलं ते पोरांच्या छातीशी. १९९२ मध्ये बालजीवित्व आणि सुरक्षित मातृत्वाचा कार्यक्रम आला आणि न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजायची पद्धत आमच्या हाती आली. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, दोन महिने ते वर्षापर्यंतचं पन्नास, वर्ष ते पाच वर्षांचं चाळीस, तर तो साधा सर्दी-खोकला नव्हे. लिहायला सोपं आहे. बाळ रडत असतं, आजी त्याला हलवत असते, बाहेर कोंबडी ओरडते, आणि आई घाईला आलेली असते. नर्सबाय काय करायच्या ते सांगते. आईला जमिनीवर भिंतीला टेकून बसवायचं, बाळ तिच्या मांडीवर. झबलं हळूच वर सरकवायचं, ओढायचं नाही. "रडता तेव्हा मोजू नको, गप होवंदे." मग बिल्ल्यासारखं पदराला टाचलेलं घड्याळ डाव्या हातात धरून डोळे बाळाच्या पोटावर. घड्याळ आणि पोट एकाच रेषेत आलं पाहिजे, म्हणजे मान वळवावी लागत नाही. पुरतं एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेलं त्यांना चालायचं नाही, कारण लहान बाळ मधेच श्वास धरतं, मधेच भराभर घेतं. काठावरचा आकडा आला तर पुन्हा मोजायचं. आणि श्वास आत घेताना बरगड्यांच्या खाली छाती आत ओढली जाते का हे बघायचं. तसं दिसलं की गोळ्यांच्या भानगडीत पडायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

तेवढा वेळ त्या खोलीत कोणी बोलायचं नाही. मोजताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी त्यांच्या प्रार्थनेतही पाहिलं आहे, आणि मला या दोन गोष्टी वेगळ्या कधी वाटल्या नाहीत.

एका रात्रीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. जुलै महिना, नदीकडच्या वाडीतलं घर, दुसरं बाळंतपण. बाळ सुखरूप झालं, वारही पडली. नर्सबायनी वार परातीत पसरून दिव्याखाली फिरवून पाहिली, एखादा तुकडा आत राहिला का म्हणून. पुरी होती. मी आवराआवरीला लागले. त्यांचा हात बाईच्या पोटावर होता, आणि तो तिथे थांबला. म्हणाल्या, "नरम लागता." बाळंत झाल्यावर गर्भाशय बेंबीखाली नारळासारखं कडक हाताला लागलं पाहिजे. ते कडक झालं की आतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. सैल राहिलं तर नळ उघडा राहिल्यासारखं रक्त जातं, आणि धडधाकट बाई तास-दोन तासांत जाऊ शकते. आपल्या देशात बाळंतपणात दगावणाऱ्या बायांत रक्तस्रावाने जाणाऱ्या सर्वांत जास्त.

तिच्या सासूने हंबरडा फोडला. नर्सबायचा आवाज काडीमात्र चढला नाही. तळहाताने पोट गोल गोल चोळायला सुरुवात केली. मला म्हणाल्या, "प्रेशर बघ आधी." मला वाटलं, इंजेक्शन द्यायचं सोडून प्रेशर काय बघायचं. पण गर्भाशय आवळणाऱ्या मेथर्जिनने रक्तदाब वाढतो. आधीच वाढलेला असेल तर ते इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. प्रेशर ठीक होतं. मेथर्जिन दिलं. लघवीची पिशवी भरलेली असली तर गर्भाशय आवळत नाही, म्हणून नळी घालून ती रिकामी केली. बाळाला छातीला लावलं, कारण बाळ ओढायला लागलं की गर्भाशय आपोआप आवळायला लागतं. भिजलेली लुगडी फेकू दिली नाहीत. घमेल्यात गोळा करायला लावली, किती रक्त गेलं ते डॉक्टरला डोळ्यांनी दिसावं म्हणून. हे सारं चालू असताना एक हात पोटावर तसाच.

रक्त कमी झालं, पण थांबलं नाही. टेम्पो आला. बर्फाचे खोके उतरवून फळीवर गोधडी घातली. तारकर्लीपर्यंत रस्त्यावर पाणी होतं, चालकाचा भाऊ बॅटरी घेऊन पुढे चालत होता. मी बाईचे पाय उचलून मांडीवर धरले होते. नर्सबाय वाकून बसल्या होत्या आणि मालवण येईपर्यंत त्यांचा हात पोटावरून हलला नाही. मधे त्यांच्या मनगटाला पेटका आला तेव्हा मला म्हणाल्या, "तुझो हात दे, वरसून ठेव, मगे मी काढतंय." म्हणजे माझा हात त्यांच्या हातावर दाबून बसल्यावरच त्यांनी खालून स्वतःचा हात सोडवला. एक क्षणसुद्धा ती जागा मोकळी राहू नये म्हणून. मालवणच्या डॉक्टरांनी घमेलं पाहिलं, सलाइनसाठी दोन शिरा एकदम धरल्या. ती बाई वाचली. आज तिची नात कॉलेजात आहे.

शोकसभेत त्याच घरातला एक माणूस म्हणाला, नर्सबायच्या हाताला यश होतं. हाताला यश असतं, मी मानते. पण प्रेशर बघ आधी, हे यशाच्या भरवशावर राहणारा माणूस म्हणत नाही.

त्या रात्रीनंतर मालवणहून परतल्यावर सकाळी त्यांनी आधी नोंदवही लिहिली. वेळ, नाडी, प्रेशर, किती लुगडी भिजली, इंजेक्शन कधी दिलं. अक्षर मोठं, गोल, मिशनच्या शाळेतलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की हातात दिवा घेतलेली बाई डोळ्यांपुढे येते. क्रिमियाच्या लढाईत सैनिक गोळ्यांपेक्षा रोगराईने जास्त मरतात हे तिने आकड्यांनी दाखवून दिलं आणि लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला पहिली स्त्री सभासद करून घेतलं, ते फारसं कोणी सांगत नाही. नर्सबायच्या नोंदवहीतही असंच काहीतरी होतं. कुठल्या वाडीत कोणाचं बाळ अडीच किलोच्या आत जन्मलं, कुठली सून तिसऱ्या महिन्यातही नाव नोंदवायला आली नाही, कुठल्या घरातला गडी मुंबईला आहे आणि म्हणून रात्री निरोप द्यायला कोण येईल. वरून मागितलेल्या तक्त्यांत या शेवटच्या गोष्टीला रकानाच नव्हता. त्यांनी समासात लिहिली होती.

त्यांचा धर्म त्यांनी कधी कोणाच्या दारात नेला नाही. बाळंतपणाला बसण्याआधी कपाळ, छाती, खांदे असा खुरीस करायच्या, ओठ हलायचे, आणि कामाला लागायच्या. ज्या घरात गणपतीपुढे नारळ ठेवायचा रिवाज असेल तिथे तो ठेवून होईस्तोवर थांबायच्या, पण पाणी उकळायला टाकून मगच. संध्याकाळी घरी असल्या तर तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चुकवायच्या नाहीत. आणि आमची अडचण अशी की पल्स पोलिओ नेमका रविवारी असायचा. १९९५ च्या डिसेंबरात तो सुरू झाला आणि पुढे वर्षातले काही रविवार मिसा आणि बूथ यांच्यात सापडायचे. नर्सबायनी पाद्रींशी बोलून बूथ चर्चच्या फाटकाशी मांडला. मिसा सुटली की पोरं सरळ टेबलापाशी. ख्रिस्ती पोरं तासाभरात संपली की आम्ही लशीचा बर्फाचा डबा उचलून देवळाकडे. स्वतः त्यांना मिसा मिळायची नाही. एकदा पाद्रींनी त्याबद्दल काही म्हटलं असावं, कारण परतताना त्या म्हणाल्या, "मिसा चुकली तर देव माफ करतलो. डोस चुकलो तर कोण करतलो?" २०११ च्या जानेवारीत देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. मी बातमी सांगायला घरी गेले तर म्हणाल्या, मग आता बर्फाचा डबा कोण उचलतं?

आता त्यांच्या आईपणाबद्दल. तीन मुलं. नवरा जहाजावर, नऊ-नऊ महिने बाहेर. घरात सासू होती तोवर निभावलं. पुढे थोरली मुलगीच धाकट्या दोघांची आई झाली. रात्री दार वाजलं की उठून आईची पिशवी, बॅटरी आणि छत्री दारात आणून ठेवायची ती. तिने मला नंतर सांगितलं, "आई कधीच रागावून गेली नाही, म्हणून आम्हाला रागावताही आलं नाही." धाकटा तापाने फणफणलेला असताना त्या दुसऱ्याच्या बाळंतपणाला गेल्या आणि परत आल्यावर आधी हात धुतले, मग त्याच्या कपाळाला लावले. तो बघत होता, आईने हात धुवायला थोडा वेळ लावला. नाताळच्या जेवणावरून त्या किती वेळा उठल्या ते मुलांनी मोजणं सोडून दिलं होतं.

लोक याला त्याग म्हणतात आणि मला त्या शब्दाचा आता राग येतो. चोवीस तासांची जबाबदारी एका बाईवर टाकायची, बदली माणूस द्यायचं नाही, मग ती बाई मरेस्तोवर पुरी पडली की तिला माउली म्हणून हार घालायचा. रात्रीच्या हाकेला ओ देणारी दुसरी नर्स असती तर नर्सबाय काही कमी नर्स झाल्या नसत्या. त्या मुलांना आई जास्त मिळाली असती, एवढंच. त्या स्वतः हे जाणून होत्या. आशा कार्यकर्त्या आल्या तेव्हा सर्वांत जास्त आनंद त्यांना झाला. प्रत्येकीला जवळ बसवून सांगायच्या, "सगळा तूच करूक जावं नको. कोणाक हाक मारूची ता शिक." मुलीने नर्स व्हावं असं त्यांना वाटत होतं का, हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, व्हावं, पण मोठ्या हॉस्पिटलात, जिथे ड्यूटी संपते.

निवृत्तीनंतर त्यांचं काम मी शेवटचं पाहिलं ते तौक्ते वादळात. २०२१ चा मे महिना, कोरोनाची दुसरी लाट, आणि सोळा तारखेला वादळ किनाऱ्याला घासून गेलं. माड आडवे, विजेचे खांब आडवे, मालवण तालुक्यात दिवसचे दिवस वीज नाही. दीड वर्षापूर्वी क्यार वादळात पाणी घरांत शिरलं होतं, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष समुद्राकडे. नर्सबायच्या डोक्यात मात्र फ्रिज होते. गावात इन्सुलिन घेणारे कोण कोण, हे त्यांना पाठ होतं. कमरेला पट्टा बांधून, मास्क लावून, काठी टेकत त्या घरोघर गेल्या. बंद फ्रिजातल्या बाटल्या बाहेर काढायला लावल्या. मोठ्या घमेल्यात ओली वाळू, तिच्यात मातीचं मडकं, मडक्यात प्लास्टिकच्या पिशवीत बाटल्या, वर ओलं फडकं, आणि सारं सावलीत वारा लागेल असं ठेवलेलं. दर बाटलीला चिकटपट्टीवर नाव. वाळू सुकली की पाणी शिंपडायचं काम त्यांनी शेजारच्या पोराला वाटून दिलं आणि त्याला ताकीद दिली की झाकण उघडून बघत बसायचं नाही.

मी पोचले तेव्हा त्या एक एक बाटली उजेडात धरून बघत होत्या. दोन बाजूला काढल्या होत्या. एकीची तारीख उलटून गेली होती, दुसरी पाण्यासारखी नितळ असायला हवी ती गढूळ झाली होती. तिचा मालक म्हातारा माणूस, पैसे घालून आणलेली, टाकवत नव्हती. वाद घालायला लागला. नर्सबायनी ती त्याच्या हातातून घेतली, माझ्याकडे दिली आणि विचारलं, मालवणला आज कोण मोटरसायकलने जातंय. मग एका चिठ्ठीवर औषधाचं नाव, ताकद आणि त्या म्हाताऱ्याचं नाव त्याच गोल अक्षरात लिहून दिलं, आणि सांगितलं, संध्याकाळच्या इंजेक्शनाआधी आणा.